कारखान्याच्याच राखेने कारखान्याचं सांडपाणी साफ होतं का? महाडच्या सावित्री नदीच्या निमित्ताने समजून घ्या

समजा, दोन बाटल्या आहेत. एकीत पोलादपूरजवळ भरलेलं सावित्री नदीचं पाणी, दुसरीत महाडच्या खाली दादली पुलाजवळ भरलेलं. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर नुसत्या डोळ्यांनी फरक कळेलच असं नाही. फेस, रंग, वास हे सगळं दिसतं किंवा जाणवतं. पाण्यात विरघळलेलं शिसं, निकेल किंवा क्रोमियम मात्र दिसत नाही.

किती कमी प्रमाणात ते घातक ठरतं, याचा अंदाज घ्या. नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये एक ग्रॅम. चिमूटभर म्हणा ना! पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक तर आणखी कडक आहे. त्यात एकूण क्रोमियम ०.०५, शिसं ०.०१ आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

ही चिमूट पाण्यातून बाहेर काढायची कशी? यावर जगभरात गेली काही दशकं एक भन्नाट वाटणारी कल्पना अभ्यासली जातेय. कारखान्यातूनच निघणारी राख, स्लॅग, लाल चिखल असला कचरा वापरून कारखान्याच्याच पाण्यातले धातू पकडायचे. कचऱ्याने कचरा साफ! ऐकायला एकदम भारी आहे, आणि प्रयोगशाळेत ती कल्पना चालतेही. पण महाडसारख्या ठिकाणी ती आणायची म्हटली की काही प्रश्न असे येतात, जे अशा बातम्यांच्या हेडलाइनमध्ये कधीच नसतात.

आधी महाडचं पाणी समजून घेऊ

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूर तालुक्यातून वाहते आणि महाडजवळून पुढे बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्राला मिळते. महाडची एमआयडीसी बिरवाडीच्या परिसरात आहे, सावित्री आणि काळ या नद्यांच्या सोबतीने वसलेली. इथे प्रामुख्याने रासायनिक कारखाने आहेत. औषधांचा कच्चा माल, रंग, रंगद्रव्यं, सुगंधी रसायनं, सॉल्व्हंट असं बरंच काही इथे बनतं.

आता तुम्ही म्हणाल, औषधांच्या आणि रंगांच्या कारखान्यात धातूंचं काय काम? जड धातू म्हटलं की आपल्याला प्लेटिंगचे कारखाने किंवा बॅटऱ्या आठवतात. पण रसायनं बनवताना धातू मदतनीस म्हणून लागतात, ज्यांना उत्प्रेरक म्हणतात. हायड्रोजन जोडायच्या प्रक्रियेत निकेल वापरतात. निळ्या-हिरव्या रंगद्रव्यांच्या एका मोठ्या कुटुंबात तांबं हा रेणूचाच भाग असतो. काही पिवळ्या रंगद्रव्यांत क्रोमियम आणि शिसं असतं. शिवाय स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आम्लाने धुतल्या की क्रोमियम-निकेल थोडंफार पाण्यात उतरतं ते वेगळंच.

कारखान्याने आपलं पाणी आधी स्वतःच्या ईटीपीमध्ये, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, स्वच्छ करायचं आणि मग ते सगळ्यांच्या सामायिक केंद्राकडे, म्हणजे सीईटीपीकडे पाठवायचं, अशी पद्धत आहे. महाडमध्येही असं सामायिक केंद्र आहे आणि प्रक्रिया झालेलं पाणी पाइपलाइनने खाडीकडे नेलं जातं. महाडच्या खालच्या अंगाला भरतीचं पाणी आत येतं. त्यामुळे खाडीत सोडलेलं पाणी सरळ समुद्रात जाऊन मोकळं होत नाही, भरतीबरोबर मागे-पुढे करत राहतं. खाडीपट्ट्यातली गावं आणि तिथे मासेमारी करणारी कुटुंबं या प्रश्नात थेट ओढली जातात ती इथे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. धातू कुजत नाहीत. सेंद्रिय घाण जिवाणू खाऊन टाकतात, तिचा कार्बन डायऑक्साइड होतो. शिशाचं काहीच होत नाही. ते पाण्यातून गाळात बसतं, गाळातून तिसऱ्या-कालवांसारख्या शिंपल्यांत जातं, कारण हे जीव पाणी आणि बारीक गाळ गाळूनच जगतात. जपानमधल्या मिनामाटामध्ये १९५६ साली जो आजार अधिकृतपणे नोंदवला गेला, त्यामागे खाडीत सोडलेला पारा होता आणि तो लोकांपर्यंत पोचला मासे-शिंपल्यांतून.

नदीचा रिपोर्ट 'चांगला' आला, म्हणजे धातू नाहीत?

नाही. आणि हा मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याचे नमुने घेतं, त्यात सावित्रीवरची ठिकाणंही आहेत. या आकडेवारीवरून जो जल गुणवत्ता निर्देशांक काढतात, तो चार गोष्टींवर ठरतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, आम्लता म्हणजे पीएच आणि विष्ठेतले जिवाणू. यात जड धातू नाहीतच. केंद्रीय मंडळाची प्रदूषित नदीपट्ट्यांची यादीसुद्धा बीओडीवर ठरते. २०१८ च्या त्या यादीत महाराष्ट्रातले ५३ पट्टे होते आणि त्यात सावित्रीचा दादली ते मुठवली हा पट्टाही होता. पण तो यादीत आला सेंद्रिय घाणीमुळे. बीओडी सुधारला की पट्टा यादीतून बाहेर पडू शकतो, धातूंचं काहीही झालेलं असो.

दुसऱ्या बाजूने एक अडचण अशी की, सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि बेसाल्टमध्ये तांबं, क्रोमियम, निकेल हे मुळातच असतात. नदीच्या गाळात ते सापडले म्हणून लगेच कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही. म्हणूनच पोलादपूरची बाटली महत्त्वाची. एमआयडीसीच्या वरच्या बाजूचा गाळ आणि खालच्या बाजूचा गाळ एकाच पद्धतीने तपासला, तर निसर्गाचं किती आणि माणसाचं किती, याचा हिशोब लागतो. नुसत्या महाडच्या नमुन्यावरून व्हायरल होणाऱ्या आकड्यांना म्हणूनच फारसा अर्थ नसतो.

धातू काढायची जुनी पद्धत काय आहे?

बहुतेक ईटीपींमध्ये चुना टाकतात. पाणी अल्कधर्मी झालं की बरेच धातू हायड्रॉक्साइड होऊन चिखलासारखे खाली बसतात. हेक्साव्हॅलंट क्रोमियम मात्र चुन्याला दाद देत नाही. त्याला आधी आम्लधर्मी पाण्यात फेरस सल्फेट किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून त्याच्या कमी विषारी रूपात, ट्रायव्हॅलंटमध्ये, आणावं लागतं आणि मग चुना.

ही पद्धत स्वस्त आहे, ऑपरेटरच्या हातात बसलेली आहे. तिची खोड अशी की शेवटचे एक-दोन मिलिग्रॅम हट्टाने पाण्यातच राहतात. प्रत्येक धातूला खाली बसायला वेगळा पीएच लागतो. पाण्यात अमोनिया किंवा इडीटीएसारखं रसायन असेल तर ते धातूला धरून ठेवतं, बसूच देत नाही. हे उरलेलं काढायला सक्रिय कार्बन किंवा आयन एक्स्चेंज रेझिन वापरता येतं, पण ते महाग. छोट्या कारखान्याचा मालक तिथेच हात आखडता घेतो.

राख आणि स्लॅगचा विचार सुरू झाला तो या शेवटच्या टप्प्यासाठी.

राख धातू पकडते तरी कशी?

दगडी कोळसा जाळल्यावर जी बारीक फ्लाय अॅश उरते, तिचा मोठा भाग सिलिका आणि अॅल्युमिना असतो, तोही काचेसारख्या रूपात. ही राख कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सुमारे शंभर अंशांवर काही तास ते एक-दोन दिवस तापवली की काच विरघळते आणि तेच घटक नव्याने रचून स्फटिक तयार होतात. या स्फटिकांना झिओलाइट म्हणतात. राखेपासून झिओलाइट बनवण्याचं हे काम १९८५ मध्ये जर्मन संशोधकांनी मांडलं आणि पुढे ते जगभर पसरलं. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेतही यावर बरंच संशोधन झालं आहे. विदर्भात औष्णिक वीज केंद्रांची रांगच असल्यामुळे तिथे राखेचा तुटवडा नव्हता.

झिओलाइटची रचना म्हणजे अतिसूक्ष्म खोल्यांची चाळ. प्रत्येक खोलीत एक सोडियमचा आयन भाडेकरू म्हणून सैलसा बसलेला असतो. शिसं, कॅडमियम किंवा तांब्याचा आयन आला की सोडियम बाहेर पडतो आणि धातू आत शिरतो. सोडियम पाण्यात गेल्याने फारसं बिघडत नाही.

गंमत म्हणजे हे झिओलाइट महाराष्ट्राला नवं नाहीच. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये जी पोकळ भोकं असतात, त्यांत नैसर्गिक झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. पुणे, नाशिक, जळगावचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेड यांनी असा दगड तापवला तेव्हा त्यातून वाफ निघून तो उकळल्यासारखा दिसला. त्यावरूनच 'उकळणारा दगड' या अर्थाचं हे नाव पडलं.

साखर कारखान्यातली बगॅसची राख वेगळ्या रीतीने काम करते. तिच्यात न जळलेला कार्बन बराच असतो, त्यामुळे ती थोडीफार सक्रिय कार्बनसारखी वागते. रुरकीच्या संशोधकांनी २००३ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत या राखेने कॅडमियम, निकेल, शिसं आणि क्रोमियम पाण्यातून काढून दाखवलं. शिसं आणि क्रोमियमच्या बाबतीत आकडा ९५ टक्क्यांच्या आसपास होता. घाट ओलांडला की सातारा आणि पुणे जिल्ह्यांत साखर कारखाने आहेतच, म्हणजे महाडसाठी हा माल दूरचा नाही.

पोलाद कारखान्याचा स्लॅग हा तिसरा उमेदवार. रायगड जिल्ह्यातच पेण तालुक्यात डोलवीला मोठा पोलाद प्रकल्प आहे. स्लॅगमध्ये कॅल्शियम भरपूर असल्याने तो पाण्याचा पीएच वाढवतो आणि धातू त्याच्या पृष्ठभागावर बसतात. अॅल्युमिना कारखान्यातला लाल चिखल, जो बेळगावच्या कारखान्यातून निघतो, तोही शिसं आणि क्रोमियम धरतो हे प्रयोगांत दिसलं आहे. मात्र तो इतका अल्कधर्मी असतो की तो हाताळणं हेच एक काम. हंगेरीत ऑक्टोबर २०१० मध्ये या लाल चिखलाचा बांध फुटून दहा जणांचा जीव गेला होता.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण पाण्याची. ९५ टक्के, ९८ टक्के असे आकडे ज्या प्रयोगांतून येतात, त्यांत बहुतेक वेळा शुद्ध पाण्यात एकच धातू मोजून टाकलेला असतो. एमआयडीसीचं पाणी असं नसतं. त्यात मीठ असतं, कॅल्शियम असतं, रंग आणि सॉल्व्हंटचे अंश असतात. झिओलाइटच्या त्या चाळीत शिरायला कॅल्शियमचीही रांग लागते. पाण्यात कॅल्शियम शंभर आणि निकेल एक असेल, तर खोल्या कोणाला मिळणार हे सांगायला नको.

दुसरी अडचण क्रोमियमची, आणि ही जरा बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. शिसं, निकेल, तांबं हे पाण्यात धन आयन असतात. हेक्साव्हॅलंट क्रोमियम मात्र ऑक्सिजनशी जोडलेला ऋण आयन म्हणून फिरतो. झिओलाइटची चौकट स्वतःच ऋणभारित असते, त्यामुळे ती त्याला जवळच करत नाही. म्हणजे सगळ्यात धोकादायक धातूंपैकी एक या गाळणीतून अलगद निघून जाऊ शकतो. त्याला आधी ट्रायव्हॅलंट करा, किंवा झिओलाइटवर वेगळी प्रक्रिया करा. 'एक पावडर, सगळे धातू गायब' असं कोणी विकायला आलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा.

तिसरी गोष्ट, राख स्वतः काही गंगास्नान केलेली नसते. कोळशातलं आर्सेनिक, शिसं, क्रोमियम राखेतच उरतं. तिची नीट प्रक्रिया आणि धुलाई न करता ती पाण्यात टाकली, तर एक धातू पकडताना ती दुसरा सोडू शकते. आणि झिओलाइट बनवताना उरतं ते कॉस्टिकचं पाणी, त्याचीही विल्हेवाट लावावी लागते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडीच्या खसाळा राख बंधाऱ्याला भगदाड पडलं, राख कन्हान नदीपर्यंत गेली आणि शहराच्या पाणीपुरवठ्याला फटका बसला. राख म्हणजे निरुपद्रवी माती, हा समज तेव्हा पुन्हा एकदा धुऊन निघाला.

'फुकटचा कच्चा माल' हाही आता अर्धाच खरा आहे. देशात २०२१-२२ मध्ये सुमारे २७ कोटी टन राख तयार झाली, पण तिचा बहुतांश भाग सिमेंट, विटा, रस्ते, भराव यांत गेला. डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वीज केंद्रांना सगळी राख वापरात आणणं बंधनकारक केलंय. चांगल्या प्रतीच्या राखेला आणि दाणेदार स्लॅगला सिमेंटवाल्यांकडे गिऱ्हाईक आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न: भरलेल्या पावडरचं काय करायचं?

धातू नाहीसा झालेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. पाण्यातून तो पावडरमध्ये आला. आता ही पावडर म्हणजेच धोकादायक कचरा. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांनुसार ती साठवणं, वाहून नेणं आणि पुरणं, सगळ्याला कागदपत्रं लागतात. तिच्यातून धातू परत पाझरतो का हे पाहायला टीसीएलपी नावाची चाचणी असते. त्यात पाझरलेल्या द्रवात शिसं किंवा क्रोमियम लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत पोचलं, की तो माल धोकादायक वर्गात जातो. रायगड जिल्ह्यात असा कचरा शास्त्रीय पद्धतीने पुरण्याची जागा तळोज्याला आहे.

पावडर आम्लाने धुऊन पुन्हा वापरता येते. धुतल्यावर मिळणाऱ्या घट्ट द्रावातून तांबं-निकेल परत काढताही येतं, आणि इथे अर्थकारण जुळायची शक्यता खरी आहे. पण त्यासाठी पावडरमध्ये एकच धातू, भरपूर प्रमाणात असावा लागतो. दहा धातूंची खिचडी असेल तर ती कोणी घेत नाही. विटांमध्ये किंवा सिमेंटमध्ये ती मिसळायचा पर्याय सुचवला जातो. मात्र सिमेंटच्या भट्टीत ट्रायव्हॅलंट क्रोमियम पुन्हा हेक्साव्हॅलंट होऊ शकतो, म्हणजे केलेल्या मेहनतीवर पाणी.

आणि महाडमध्ये यात पूर हा आणखी एक हिशोब मिळतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. अशा ठिकाणी कारखान्याच्या मागच्या आवारात, ताडपत्रीखाली ठेवलेले वापरलेल्या पावडरचे ढीग म्हणजे जे वर्षभर कष्टाने पाण्यातून काढलं, ते एका रात्रीत नदीला परत. त्या पुरानंतर सावित्रीचा गाळ काढायची मोहीम झाली. पुराच्या दृष्टीने ती हवीच होती, लोकांचीच मागणी होती. पण धातू वर्षानुवर्षं साठतात ते गाळातच. त्यामुळे एमआयडीसीच्या खालच्या बाजूचा गाळ शेतात किंवा भरावाला टाकायच्या आधी त्याची तपासणी होणं, हे पाण्याच्या तपासणीइतकंच गरजेचं आहे.

मग हे तंत्र वापरायचं कुठे?

सामायिक केंद्रात तर नक्कीच नाही. तिथे येईपर्यंत शेकडो प्रकारची पाणी मिसळलेली असतात, धातू पातळ झालेले असतात आणि मीठ भरमसाट. शिवाय सीईटीपीचा मुख्य टप्पा जिवाणूंवर चालतो, आणि जड धातू या जिवाणूंनाच मारतात किंवा त्यांच्या चिखलात जाऊन बसतात. मग तो सगळा चिखल, जो एरवी बराच सौम्य असता, धातूंनी भरतो.

राखेची गाळणी शोभते ती कारखान्याच्या आत, ज्या रिअॅक्टरमधून निकेल किंवा तांबं निघतं त्याच्याच नळाला. तिथे पाणी कमी, धातू एकच, त्याचं प्रमाण माहीत. चुन्याने आधी मोठा वाटा खाली बसवा, उरलेल्यासाठी झिओलाइट किंवा बगॅस राखेचा स्तंभ ठेवा, आणि भरलेला स्तंभ छपराखाली, पुराच्या पातळीच्या वर. खर्चाचा हिशोबही मग किलोमागे पावडर कितीला पडली यावर न करता, एक ग्रॅम निकेल काढून, धुऊन, पुरून एकूण किती लागले यावर करावा लागतो. 'स्वस्त' म्हणून गाजलेले बरेच पदार्थ या दुसऱ्या हिशोबात महाग ठरतात.

महाडपासून जवळच, माणगाव तालुक्यात लोणेरेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे आणि तिथे रासायनिक अभियांत्रिकी शिकवली जाते. खऱ्या महाडच्या पाण्यावर, एका कारखान्याच्या एका नळावर, पावसाळ्यासकट वर्षभर चालवलेला एक स्तंभ हा डिस्टिल्ड वॉटरवरच्या पन्नास शोधनिबंधांपेक्षा जास्त सांगून जाईल.

सामान्य माणसाला यातलं काय तपासता येतं?

बरंच काही. कारखान्यांना मिळालेली संमतीपत्रं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर बघता येतात. त्यात कोणत्या सांडपाण्याला कोणती मर्यादा लावली आहे आणि त्या यादीत धातू आहेत की नुसतं पीएच-बीओडी-सीओडी, हे वाचता येतं. धोकादायक कचरा तयार करणाऱ्या प्रत्येक कारखान्याला वर्षाचा हिशोब ३० जूनपर्यंत 'फॉर्म ४' मध्ये मंडळाला द्यावा लागतो, आणि कचऱ्याची प्रत्येक गाडी 'फॉर्म १०' च्या मॅनिफेस्टवर निघते. हे कागद माहिती अधिकारात मागता येतात. त्यात बघायचं ते एवढंच, की ईटीपी चालू असलेल्या कारखान्यातून चिखल किती निघाला. धातू वापरणारा कारखाना वर्षभर चालला, पाणी 'मर्यादेत' राहिलं आणि चिखल मात्र जवळजवळ शून्य दाखवलाय, तर मग धातू कुठे गेला, हा पुढचा अर्ज.

पाण्याचा नमुना स्वतः तपासून घ्यायचा असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच द्या आणि धातूंची चाचणी वेगळी सांगा, नेहमीच्या पाणी तपासणीत ती बहुतेक वेळा नसते. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, कारण धातूच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून ठेवावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून आकडा कमी येतो. हेक्साव्हॅलंट क्रोमियमसाठी मात्र हे आम्ल चालत नाही, त्याची बाटली वेगळी आणि थंड ठेवून लवकर पोचवायची. आणि एक बाटली पोलादपूरच्या बाजूची भरायला विसरू नका.